कानाशीं आलेलें गाणें

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॉट, आणि आवाज नीट पोंचे तो सुमारें ३० मैलांच्या टापूंत. खाडीपलीकडचें, पनवेल तालुक्यांतलें ओवे हें गांव मुंबईपासून सरळ रेषेंत २० मैलांच्या आंतच पडतें. म्हणजे मुंबईचें गाणें त्या दिवसांत ओवे गांवच्या भातखाचरांवरून जात होतें. तें पकडावयास वर्षाला १० रुपयांचा परवाना, उंच टांगलेली तार, एक स्फटिक आणि कानांना लावावयाचा हेडफोन, एवढें साहित्य पुरे.

हा हेडफोन अमेरिकेंतील युटा राज्यांतल्या नॅथॅनिएल बाल्डविननें १९१० सालीं सिद्ध केला व तेथील नौदलानें तो उचलला. स्फटिक-यंत्राला वीज लागत नसे. हवेंतून आलेली लहर स्वतःच्याच बळानें कानापाशींचा पडदा हलवी. तें बळ इतकें क्षीण कीं हेडफोनांत केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे द्यावे लागत. ऐकणारा एकटाच, घरांतल्या बाकीच्यांनीं त्याच्या चेहऱ्यावरून गाण्याची कल्पना करावी! पुढें निर्वात नळीच्या ॲम्प्लिफायरनें लहरीला बळ दिलें, यंत्राला कर्णा आला, सारें घर ऐकूं लागलें आणि हेडफोन अडगळींत पडला. १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन काढला, तेव्हां तो पुन्हां लोकांच्या कानीं बसला.

दरम्यान गाणें सांठविण्याची रीतच पालटत होती. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरनें १९३७ सालीं पॅरिसमध्यें आवाज आंकड्यांत मांडण्याची युक्ति शोधली. १९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें तीच आहे: ध्वनिलहरीची उंची सेकंदास ४४,१०० वेळां मोजावयाची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसवावयाचें. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. मापें त्याच्या दुपटीहून अधिक घेतलीं कीं कानापुरती लहर पुन्हां उभी करतां येते. हें उभें करण्याचें काम करतो तो कन्व्हर्टर. तो फोनच्या पोटांत दडलेला असे. ॲपल कंपनीनें २०१६ सालीं आयफोनवरचें हेडफोनचें भोंकच काढून टाकलें, आणि कन्व्हर्टर तारेच्या टोंकाशीं बाहेर आला.

ओवे आज खारघरच्या इमारतींनीं वेढलें आहे. तेथून मुंबईस निघालेल्या एखाद्या रसिकाच्या खिशांत काड्यापेटीएवढी डबी असते. तींत कन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही. ॲम्प्लिफायर कशाला? साध्या इअरफोनचा विद्युत्-रोध १६ ते ३२ ओहम, तर ध्वनिमुद्रणशाळेंतल्या कांहीं हेडफोनांचा ३०० ओहम असतो. फोनचा तोकडा दाब त्यांना पुरत नाहीं. स्फटिक-यंत्राचें दुखणें निराळ्या रूपानें परत आलें म्हणावयाचें.

विक्रेते आतां सेकंदास १,९२,००० मापांच्या गोष्टी सांगतात. पण मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचें गाणें ज्याला ऐकावयाचें आहे, त्याला त्या आंकड्याचा उपयोग थोडा. त्यांच्या १९०५ सालच्या मुद्रिका कर्ण्यांत गाऊन घेतलेल्या. उंच, बारीक ध्वनि त्यांत बहुतेक गळून गेले, आणि जें खांचेंत उतरलेंच नाहीं तें कोणतीही डबी आणूं शकत नाहीं. १९३७ सालीं ते वारले. त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांतल्या मुद्रिका मायक्रोफोनवर घेतलेल्या, म्हणून त्यांत आवाजाची थरथर कितीतरी स्पष्ट. त्यांतही सारें अडतें तें मुद्रिका आंकड्यांत उतरविणाराच्या हातीं. ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेला सुमारें तीन सहस्रांश इंच टोंकाची सुई लागते. नंतरच्या दीर्घ मुद्रिकांची बारीक सुई लावली, तर ती खांचेच्या तळाशीं घासते आणि खरखरच वर आणते. मुद्रिका धुऊन, योग्य सुई निवडून उतरविणारे संग्राहक थोडे. लाख ठिसूळ असते. पडली कीं फुटते, आणि कित्येक गाण्यांची एखाददुसरीच प्रत कुणाच्या कपाटांत उरलेली असते.