स्वस्त वीज ऑनलाइन शोधता येते का? सीमाभागातल्या घरांसाठी माहिती

लंडनला असलेला भाचा सांगतो, "मामा, आम्ही साइटवर पिनकोड टाकतो, वर्षाचा वापर टाकतो, दहा कंपन्यांचे दर समोर येतात. स्वस्त दिसेल तिच्याकडे जायचं." ते खरं आहे. ब्रिटनमध्ये तारा एकाच्या आणि वीज विकणारा दुसरा अशी पद्धत आहे, आणि ऑफजेम ही नियामक संस्था 2019 पासून दरावर कमाल मर्यादाही घालते. असे व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक विचारतात, अशी साइट आपल्याला कुठली?

घरगुती विजेसाठी अशी साइट नाही, कारण निवडायला दुसरा विक्रेताच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी हेस्कॉमकडे. बिदर, भालकी गेस्कॉमकडे. गोव्यात सरकारचं वीज खातंच पुरवठा करतं. चंदगड, गडहिंग्लजला महावितरण. इंदूरला पश्चिम क्षेत्र कंपनी, ग्वाल्हेरला मध्य क्षेत्र, वडोदऱ्याला एमजीव्हीसीएल. ज्या भागात घर, त्या भागाची कंपनी, आणि दर ठरवणार वीज नियामक आयोग. वीज कायदा 2003 मध्ये बाहेरून वीज घेण्याची सोय आहे, पण ती मोठ्या ग्राहकांसाठी. 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. आपल्या घराचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅटचा, त्यामुळे तो विषय आपला नाही.

अपवाद मुंबई उपनगरांचा. तिथे टाटा पॉवर आणि अदानी (पूर्वीची रिलायन्स) या दोघांकडेही परवाना आहे. 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, 2009 पासून लोकांनी खरोखर कंपन्या बदलल्या. पण तारा ज्याच्या, त्याचा वहन आकार भरावाच लागतो. तेव्हा तिथेही नुसता युनिटचा दर बघून उडी मारू नये.

मग ऑनलाइन तुलना करायची कशाची? आधी स्वतःच्या बिलाची. यातच बहुतेकांची गफलत होते. चंदगडचा मेव्हणा म्हणणार, तुमच्याकडे लाईट स्वस्त; बेळगावचा म्हणणार, तुमच्याकडे. दोघंही पहिल्या स्लॅबचा आकडा बघतात. महावितरणच्या बिलात ऊर्जा आकार वेगळा, वहन आकार वेगळा, स्थिर आकार वेगळा, वर 16 टक्के वीज शुल्क. गुजरातमध्ये इंधन अधिभार वेगळा लागतो आणि घरगुती बिल दोन महिन्यांचं येतं, म्हणून वडोदऱ्याच्या पाहुण्यांचं बिल बघून घाबरू नका. नेटवरची बरीच बिल कॅल्क्युलेटरं यातलं निम्मं सोडून देतात. मी कॉमर्सवाला, मला एकच रीत पटते: थकबाकी वजा करून एकूण बिलाची रक्कम भागिले युनिट. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. बारा महिन्यांची बिलं कंपनीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकून बघता येतात.

दुसरी गोष्ट मर्यादेची. कर्नाटकात गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंत सवलत, पण सरसकट 200 फुकट नाहीत. 2022-23 च्या सरासरी वापरात 10 टक्के वाढ धरून तुमचा हक्क ठरतो. त्याच्या वर आणि 200 च्या आत वापर गेला तर फक्त जादा युनिटांचे पैसे. 200 च्या वर गेला तर संपूर्ण बिल. 198 आणि 203 मध्ये पाच युनिटांचा फरक, पण एका घरात किरकोळ रक्कम आणि दुसऱ्या घरात हजारच्या पुढचं बिल. तेलंगणात पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना मार्च 2024 पासून 200 युनिट मोफत, तिथेही हीच रेघ. मध्य प्रदेशात 150 युनिटच्या आत वापर असेल तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत. रेघ ओलांडली की सवलत गेली. म्हणून इंदूरच्या घराला 150 ची आणि बेळगावच्या घराला 200 ची काळजी हवी. महिन्याच्या मध्यावर मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला तर अंदाज येतो.

रेघेच्या आत राहायला सगळ्यात सोपा उपाय पंख्याचा. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी पंखा साधारण 30 वॅटचा. रोज 15 तास चालला तर महिन्याला 20 युनिट वाचतात, दोन पंख्यांचे 40. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या साइटवर आणि अ‍ॅपवर पंखा, फ्रीज, एसी यांची मॉडेलनुसार तुलना करता येते, आणि ही तुलना खरोखर कामाची आहे. फक्त तारे मोजू नका, लेबलवरचा वर्ष आणि युनिटचा आकडा वाचा. नियम मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालातला पाच तारे नव्या हिशेबात चारवर येतो. एसीच्या लेबलवरचे युनिट वर्षाला 1600 तास धरून काढलेले असतात. तुमचा एसी उन्हाळ्यात दोनच महिने चालत असेल तर महागडा पाच तारेवाला परवडेलच असं नाही.

आता सोलर. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार अनुदान थेट खात्यात येतं. सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघूनच नंबर टाका. मी एकदा भलत्याच 'तुलना' साइटवर मोबाईल नंबर दिला, पुढे पंधरा दिवस जेवतानासुद्धा फोन चालू होते.

तीन विक्रेत्यांकडून लेखी दर घ्या, आणि अनुदान वजा न करता पूर्ण किंमत लिहून मागा. "तुम्हाला फक्त एवढेच भरायचे" असं सांगणाऱ्यांचीच मूळ किंमत फुगलेली असते. पॅनल देशी बनावटीचं आहे का (नसेल तर अनुदान नाही), इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा, लोखंडी सांगाडा किती उंच, नेट मीटरचा खर्च कोणाचा, पाच वर्षांची देखभाल लेखी आहे का, हे विचारा. एका किलोवॅटला अंदाजे 100 चौरस फूट मोकळं छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात त्याहून बरेच कमी. स्थिर आकार तर भरावाच लागतो. आणि गृहज्योतीमुळे ज्याचं बिल शून्य येतं, त्याचं सोलरने आणखी काय कमी होणार? त्याने घाई करू नये. ज्याचा वापर 250-300 च्या पुढे आहे, त्याने मात्र हिशेब मांडावा. सरकारी बँका 3 किलोवॅटपर्यंत तारणाविना कर्ज देतात, त्यांचे व्याजदरही ताडून बघा.

राहिला गॅस. 14.2 किलोच्या सिलिंडरचा दर वितरक बदलून कमी होत नाही. पोर्टेबिलिटीने मिळाली तर सेवा चांगली मिळते, एवढंच. गॅस की इंडक्शन, हे मात्र घरी काढता येतं. एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला ढोबळमानाने 140 युनिट लागतात. सिलिंडर 860 रुपयांना पडत असेल तर भागाकार येतो 6 रुपये 14 पैसे. तुमचा खरा दर, म्हणजे शेवटच्या स्लॅबचा सगळे आकार धरून दर, याहून कमी असेल तर इंडक्शन स्वस्त. जास्त असेल, किंवा त्या युनिटांनी 150-200 ची रेघ ओलांडली जाणार असेल, तर गॅसच बरा.