विद्यापीठाची लायब्ररी : नव्या विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती



ऑगस्ट जवळ आला की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी भारतातून फोन सुरू होतात. कुणाचा भाचा, कुणाची पुतणी, कुणाच्या शेजाऱ्यांचा मुलगा एम.एस.साठी अमेरिकेत येणार असतो. विमानतळावर घ्यायला कोण येणार, पहिले चार दिवस मुक्काम कुठे, कुकर तिकडून आणायचा की इथे मिळतो, हे सगळे विचारून होते. लायब्ररीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. २०१२ साली पुण्याहून आलो तेव्हा आम्हीही विचारले नव्हते. एकाच अपार्टमेंटमध्ये राहणारे आम्ही चौघे इंजिनिअर. चौघांनीही त्याची किंमत मोजली. ती इतरांना मोजावी लागू नये म्हणून ही माहिती. येणाऱ्या मुलांना जरूर पाठवा. इथेच वाढलेली आपली मुले यंदा कॉलेजला जाणार असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

आपली लायब्ररी आणि इथली लायब्ररी

आमच्या कॉलेजात लायब्ररी म्हणजे एक काउंटर. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यायचे, आत जाऊन शिपाई पुस्तक आणणार, नाहीतर "इश्यू झालंय" म्हणून चिठ्ठी परत. कपाटांपर्यंत आपण जायचे नाही. त्यामुळे लायब्ररीचा आमचा उपयोग एवढाच, की परीक्षेच्या आधी रीडिंग हॉलमध्ये स्वतःच्याच नोट्स घेऊन बसायचे. इथे आल्यावरही आम्ही तेच केले.

इथे बहुतेक ठिकाणी कपाटे खुली असतात. आत जा, हवे ते पुस्तक काढा, चाळा. वाचून झालेले पुस्तक मात्र स्वतः परत कपाटात लावू नका. त्यासाठी ठेवलेल्या ट्रॉलीवर किंवा फळीवर ठेवा. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते. विद्यापीठाचे ओळखपत्र हेच लायब्ररीचे कार्ड, वेगळे पैसे नाहीत. ते फीमध्ये आधीच भरलेले असतात.

पुस्तके विकत घेण्याआधी

पहिल्या सेमिस्टरला आमच्यातल्या एकाने तीन पाठ्यपुस्तके घेतली. त्यातले एकच दीडशे डॉलरचे, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ हजार रुपये, आणि तेही शिक्षणाच्या कर्जातले. सहाव्या आठवड्यात प्रिंटआउट काढायला लायब्ररीत गेला तेव्हा काउंटरमागे त्यातली दोन पुस्तके दिसली. ह्याला 'कोर्स रिझर्व्ह' म्हणतात. प्राध्यापक आपल्या विषयाची पुस्तके तिथे ठेवायला सांगतात, आणि ती थोड्या वेळापुरती, बहुधा दोन-तीन तास, कुणालाही मिळतात. तेवढ्यात एक प्रकरण वाचून होते किंवा गृहपाठ उतरवून घेता येतो. म्हणून विषयांची यादी हातात आली की आधी रिझर्व्ह पाहा, मग लायब्ररीत ई-पुस्तक आहे का ते पाहा, आणि त्यानंतरच खरेदी करा.

भारतातून स्वस्त आवृत्ती आणली असेल तर एक धोका लक्षात ठेवा. तिच्यातले स्वाध्यायाचे प्रश्न कधी कधी वेगळ्या क्रमाने असतात. आमच्यातल्या दुसऱ्याने एक पूर्ण गृहपाठ चुकीच्या प्रश्नांचा सोडवून दिला होता! रिझर्व्हमधल्या प्रतीशी ताडून पाहावे.

पुस्तकाचा पत्ता कसा वाचायचा

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत लायब्ररी ऑफ काँग्रेसची वर्गीकरण पद्धत असते. गावातल्या सार्वजनिक लायब्ररीत दिसते ती ड्यूईची दशांश पद्धत वेगळी. इथे सुरुवात अक्षरांनी होते. क्यू म्हणजे विज्ञान, क्यूए गणित, आणि त्यातच क्यूए ७६ ला कॉम्प्युटर सायन्स. टी म्हणजे तंत्रज्ञान, टीके म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स. नेटवर्किंगची पुस्तके टीके ५१०५ ला. प्रोग्रॅमिंगच्या भाषा क्यूए ७६.७३ ला असतात आणि त्यात जावाची खूण जे३८.

एक खुबी अशी, की त्या शेवटच्या खुणेतला आकडा दशांशासारखा वाचायचा. म्हणजे जे३८ हे जे४ च्या आधी येते. हे कळेपर्यंत आम्ही "पुस्तक जागेवर नाही" म्हणून कितीदा हात हलवत परतलो ते विचारू नका. आणि पुस्तक सापडले की शेजारची चार पुस्तकेही पाहा. एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी असतात, आणि कामाचे पुस्तक बरेचदा त्या शेजाऱ्यांतच निघते.

आपल्याकडे नसेल तर

इथे "नाही" हे शेवटचे उत्तर नसते. इंटरलायब्ररी लोनचा फॉर्म भरला की दुसऱ्या विद्यापीठातून पुस्तक मागवून देतात. विद्यार्थ्याला ते बहुधा फुकट असते. लेख असेल तर स्कॅन करून पाठवतात. मात्र पुस्तकाला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री आठवण होऊन उपयोग नाही.

शोधनिबंधांचे तसेच. घरून शोधताना प्रकाशकाच्या पानावर एका लेखाचे तीस-पस्तीस डॉलर मागितले, तर कार्ड काढू नका. लायब्ररीच्या वेबसाइटवरून लॉगिन करून जा. विद्यापीठाने वर्गणी भरलेली असेल तर तोच लेख तुम्हाला फुकट उघडतो.

आता इंजिनिअरांसाठी खास सूचना. आमच्या एका मित्राने हुशारी केली आणि एका परिषदेचे सगळे निबंध उतरवून घेणारी स्क्रिप्ट रात्री चालू करून झोपला. सकाळी अख्ख्या कॅम्पसचा त्या डेटाबेसचा प्रवेश बंद! प्रकाशकाशी झालेल्या करारात अशा घाऊक डाउनलोडला मनाई असते. त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. संशोधनासाठी खरोखर मोठा साठा हवा असेल तर लायब्ररीला विचारा, त्यासाठी वेगळी सोय असू शकते.

लायब्रेरियनला विचारा

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. विचारले तर आपले अज्ञान दिसेल, असे वाटायचे. आपल्याकडे लायब्रेरियन म्हणजे "शांतता राखा" सांगणारे गृहस्थ, अशीच समजूत होती. इथे बऱ्याच विद्यापीठांत प्रत्येक विषयाला वेगळा लायब्रेरियन असतो आणि तुम्हाला शोधायला मदत करणे हे त्याचे कामच असते. तीन आठवडे अडलेला शोध आमच्या इंजिनिअरिंगच्या लायब्रेरियनबाईंनी अर्ध्या तासात मार्गी लावला. आम्ही शब्दच चुकीचे वापरत होतो. त्या हसल्या नाहीत, उलट पुढच्या वेळी लवकर या म्हणाल्या.

दुसऱ्याचे ते दुसऱ्याच्या नावावर

हा मुद्दा घरच्या मोठ्यांनीही मुलांना नीट समजावून सांगावा. आपल्याकडे ड्रॉइंगच्या शीटची 'जीटी' मारणे आणि सबमिशनच्या फायली उतरवणे ह्यात कुणाला काही वाटत नाही. इथे तो गुन्हा धरतात. शिक्षा विषयात शून्य मिळण्यापासून विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकते. काढून टाकले तर एफ-१ व्हिसावरचे राहणेही संपते. शब्द बदलले तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर तिचा संदर्भ द्यावाच लागतो. संदर्भ नीट ठेवायला 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. ते वापरायला लायब्ररीतच शिकवतात.

आताची नवी गोष्ट म्हणजे चॅटबॉट. ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधांची नावे देतात, तीही लेखक आणि वर्षासकट. संदर्भ लायब्ररीच्या शोधात सापडला आणि स्वतः उघडून वाचला, तरच तो लिहा.

परत करायला विसरू नका

अनेक लायब्रऱ्यांनी रोजचा दंड बंद केला असला तरी हरवलेल्या पुस्तकाची किंमत घेतातच. ती थकली तर बऱ्याच ठिकाणी खात्यावर 'होल्ड' लागतो आणि पुढच्या सेमिस्टरचे रजिस्ट्रेशन अडते. एफ-१ वाल्यांना पूर्णवेळ नावनोंदणी सक्तीची, त्यामुळे हे प्रकरण एका पुस्तकापुरते राहत नाही. सुट्टीत भारतात जाण्याआधी सगळी पुस्तके परत करा आणि खाते तपासून घ्या.

आणि आपली मराठी पुस्तके

हे आम्हाला फार उशिरा कळले. एकाचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते आणि टीव्हीला कंटाळले होते. त्यांना विद्यापीठात नेले. पीके ह्या अक्षरांखाली मराठीसारख्या भारतीय भाषांचे साहित्य असते. तिथे मराठी पुस्तकांची रांगच्या रांग पाहून ते खालीच बसले आणि दुपारभर उठले नाहीत.

ही पुस्तके इथे कशी आली, त्याचा इतिहास आपल्या आधीच्या पिढीच्या ओळखीचा आहे. रेशनवरचा पीएल ४८० चा गहू आठवतो ना? १९५४ च्या त्या कायद्याखाली आलेल्या धान्याचे पैसे भारत रुपयांत देत असे. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. शिकागो विद्यापीठाकडे असा मोठा साठा आहे, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (१८५७ ची आवृत्ती) त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवला आहे. तुमच्या जवळच्या विद्यापीठात मराठी पुस्तक नसले तरी 'वर्ल्डकॅट'वर ते कुठे आहे ते दिसते, आणि गावातल्या लायब्ररीमार्फतही ते मागवून पाहता येते.

नियम प्रत्येक विद्यापीठाचे थोडे वेगळे असतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लायब्ररीची ओळखफेरी असते ती चुकवू नका. आम्ही चुकवली होती. त्या दिवशी आम्ही चौघे स्वस्त गादी शोधत हिंडत होतो.

येणाऱ्या सर्व मुलामुलींना शुभेच्छा. चूकभूल द्यावी घ्यावी.