मुंबईतील जुन्या इमारतींची तपासणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुंबई शहरात घरांच्या शासकीय तपासणीला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. या काळात तपासणीचा हेतू, यंत्रणा आणि पद्धती यांत मोठे बदल झाले. आढळलेल्या दोषांचे निवारण कोणी करावयाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक टप्प्यावर कायम राहिला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

आरोग्याकडून दुरुस्तीकडे :
१८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५४ अन्वये मोडकळीस आलेली इमारत पाडण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस मालकास अथवा भोगवटादारास देण्याचा अधिकार आयुक्तांना मिळाला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यावर तपासणीचा रोख आरोग्याकडे वळला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या व गटारे यांची पाहणी होऊ लागली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले व चाळी बांधल्या.

पुढे भाडेनियंत्रणामुळे भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. मोरीतील गळतीने सागवानी तुळयांची टोके कुजत गेली. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले व दुरुस्तीसाठी उपकर लागू झाला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले आणि धोकादायक इमारतींची पावसाळापूर्व पाहणी हा त्याचा वार्षिक परिपाठ बनला.

संरचनात्मक तपासणी :
उपनगरांतील सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींचे आयुर्मान वाढू लागले, तशी तपासणीची गरज उपकरप्राप्त इमारतींपलीकडे गेली. महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३-ब ने तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक केले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा तपासणी अपेक्षित आहे.

अशा तपासणीत अभियंता प्रथम मूळ नकाशे, पूर्वीच्या दुरुस्त्या आणि अंतर्गत फेरफार यांची माहिती घेतो. त्यानंतर खांब, तुळया, गच्ची, सज्जे व स्वच्छतागृहे यांची प्रत्यक्ष पाहणी होते. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा, ध्वनिलहरींनी अंतर्गत पोकळी व भेगा, तर हाफ-सेल चाचणीने सळया गंजण्याची शक्यता अजमावतात. आवश्यक तेथे काँक्रीटचा गाभा काढून त्याची ताकद मोजतात. शेवटी इमारतीचे वर्गीकरण होते. ‘सी-१’ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मालक व भाडेकरू यांचे अहवाल परस्परविरोधी असल्यास प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

अहवाल आणि वास्तव :
२७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथील महापालिका कर्मचाऱ्यांची निवासी इमारत कोसळून ६१ जण मृत्युमुखी पडले. ही इमारत केवळ तीन दशकांची होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळली व ३३ बळी गेले. ही शंभरी ओलांडलेली इमारत म्हाडाने २०११ मध्येच धोकादायक ठरविली होती, तरीही तेथे कुटुंबे राहत होती. पहिल्या घटनेतून वय हा एकमेव निकष पुरेसा नाही हे दिसते. दुसऱ्या घटनेतून धोक्याची नोंद झाली तरी इमारत रिकामी होतेच असे नाही, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष :
तपासणीचे तंत्र उत्तरोत्तर अचूक होत गेले. परंतु तिच्यावरील रहिवाशांचा विश्वास त्याच प्रमाणात वाढला नाही. हक्काची खोली कायमची जाईल, संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे काढावी लागतील, ही भीती अहवालातील इशाऱ्यापेक्षा प्रबळ ठरते. म्हणून तपासणीबरोबरच पुनर्वसनाची लेखी व कालबद्ध हमी मिळणे आवश्यक आहे. तसे झाले तरच अहवालातून जीवितरक्षणाचा मूळ हेतू साध्य होईल.