स्वस्त तिकिटाची गॅलरी

२५ ऑक्टोबर २०१७, बुधवार. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, माली विरुद्ध स्पेन, रात्री आठ वाजता. नाशिकच्या फुटबॉलवेड्यांसाठी विश्वचषक दारातच आला होता. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, ठाण्याला उतरायचे, ट्रान्स हार्बरची लोकल धरून नेरुळ गाठायचे. जाण्याचा प्रश्न नव्हता, प्रश्न होता परतीचा. पंचवटी संध्याकाळी सव्वासहालाच मुंबईहून निघते. कसारा घाट चढून ती नाशिकरोडला लागते दहाच्या सुमारास, म्हणजे इकडे सामना संपतो त्याच वेळी. सामना शेवटपर्यंत बघायचा तर रात्री उशिरा ठाण्याहून मिळेल ती गाडी नाहीतर एसटी, पहाटे घर आणि दुसऱ्या दिवशी कामावर खाडा. स्पेनने तो सामना ३-१ असा जिंकला. तो पाहायला नाशिकहून जाणाऱ्याच्या खर्चात स्टेडियमचे तिकीट हा सगळ्यांत मोठा आकडा नव्हताच.

तिकिटाच्या बाबतीत त्या स्पर्धेच्या आयोजकांनी मोठे मन दाखवले होते. विक्रीच्या पहिल्या सवलतीच्या टप्प्यात कोलकात्यात एका सामन्याचे तिकीट ४८ रुपयांपासून मिळत होते. दिल्लीत भारताच्या सामन्यांना शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने फुकट बसवले गेले. त्याचे फळ आकड्यांत दिसते. संपूर्ण स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षक आले आणि १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा उच्चांक मोडला. भारतात फुटबॉलला माणसे येत नाहीत, हे वाक्य त्यानंतर तरी कुणी उच्चारायला नको होते. परवडेल असे तिकीट आणि पाहण्याजोगा खेळ एकत्र आले की माणसे येतात.

महाराष्ट्रात फुटबॉल आला तो छावण्यांतून. नाशिकच्या शेजारी देवळालीला गोऱ्या सैनिकांचा मोठा तळ होता. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत पलटणी तिथे दिवस काढत. अशा छावण्यांत चेंडू हा फावल्या वेळचा सोबती असे. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला तोही पलटणींसाठीच, आणि पहिला विजेता होता वुस्टरशायर रेजिमेंटचा संघ. पुढची कित्येक वर्षे हा गोऱ्यांचा आपसातला मामला राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक उचलला आणि पहिल्यांदा तो भारतीय हातांत आला. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० पासून सलग पाच वेळा तो जिंकला.

रोव्हर्सचे घर म्हणजे कूपरेज. मंत्रालयाच्या जवळचे, ओव्हलला लागून असलेले, आटोपशीर मैदान. मुंबईतल्या साध्या माणसाला ते सोयीचे होते, कारण चर्चगेटला उतरले की पायी जाता येई. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहणारे गोवेकर, गिरण्या आणि गोदीतले कामगार, कचेऱ्यांतले कारकून यांना काम सुटल्यावर वाट वाकडी न करता तिथे पोहोचता येत असे. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स असे कंपन्यांचे संघ खेळत, त्यामुळे मैदानावर धावणारा खेळाडू आणि कठड्याला टेकून ओरडणारा प्रेक्षक कधी कधी एकाच पगारपत्रकावर असत. खेळाचा खर्च कंपनी उचलत होती. तो तिकिटाच्या गल्ल्यातून वसूल करायची कुणाला निकड नव्हती. स्वस्त तिकिटामागे ही व्यवस्था होती, आणि ती मोडली तेव्हा पहिला फटका खेळालाच बसला. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी हात आखडते घेतले. २००० नंतर रोव्हर्स चषक भरेनासा झाला. २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला.

कोल्हापुरात मात्र वेगळे घडले. तिथे फुटबॉल कंपन्यांचा नव्हता, तालमींचा होता. तांबड्या मातीत कुस्ती घुमणाऱ्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. मंगळवार पेठेतली पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापूरकर घरच्या माणसांसारखी घेतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या हंगामात राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून पेठांतून मोटारसायकलींच्या रांगा निघतात. पाटाकडील आणि शिवाजी यांची गाठ पडली तर वीस-पंचवीस हजारांची गर्दी नवलाची नाही. देशातल्या बड्या व्यावसायिक संघांना इतके प्रेक्षक अनेकदा मिळत नाहीत.

इथे तिकीट असते, पण ते पेठेतल्या माणसाचा खिसा ओळखून लावलेले असते. तिकीट विकणारा, घेणारा आणि मैदानात खेळणारा, तिघे एकाच गल्लीत राहतात. दर अवाच्या सवा लावला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जाब द्यावा लागतो. मंडळाचा खर्च वर्गणीतून, पेठेतल्या दानशूरांकडून, स्पर्धा पुरस्कृत करणाऱ्यांकडून भागतो. दिवसभर रिक्षा चालवणारा, गवंडीकाम करणारा किंवा कॉलेजातला मुलगा गॅलरीत आपली नेहमीची जागा धरून बसतो, आणि पंचाने चुकीची शिट्टी वाजवली तर त्याला ती बसल्या जागेवरून ऐकवतो. हुल्लडबाजीचे डाग या फुटबॉलवर आहेत, सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही. तरीही २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा, हेही त्याच गॅलरीचे देणे आहे. मुले फुटबॉल खेळू लागतात ती तो डोळ्यांसमोर पाहून, आणि पाहायला मिळतो तो परवडतो म्हणून.

स्वस्त तिकीट हा मात्र सगळ्या दुखण्यांवरचा उतारा नव्हे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहायला होते अवघे २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफीत काढून हात जोडले. आमच्यावर टीका करा, नावे ठेवा, पण मैदानावर या, असा तिचा मथितार्थ होता. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. तिकिटाचे दर तेच, मैदान तेच. फरक पडला तो कुणीतरी आपल्याला बोलावले याने. कोल्हापुरात असे वेगळे आमंत्रण लागत नाही, कारण संघ मुळात पेठेचाच असतो.

जगाच्या फुटबॉलमध्ये गाडी उलट दिशेने गेली आहे. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मैदानालगत ‘जेराल’ नावाचा पट्टा होता. बसायला बाक नाहीत, उभ्यानेच सामना बघायचा, आणि तिकीट गरिबातल्या गरिबाला झेपेल असे. २००५ मध्ये तो बंद झाला. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर उभे राहण्याच्या जागा काढून खुर्च्या बसवण्याची शिफारस लॉर्ड टेलर यांनी केली. तो निर्णय माणसांच्या जिवासाठी होता आणि योग्यच होता. मात्र खुर्च्यांमुळे तिकीट भरमसाट वाढण्याचे कारण नाही, हेही त्यांनी १९९० च्या अहवालात बजावले होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्सचे उदाहरण त्यांनी दिले: उभ्याने चार पौंड, बसून सहा पौंड. इंग्लिश क्लबांनी खुर्च्या बसवल्या, पण दराबाबतचा सल्ला कानाआड केला. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने काही जागांचे तिकीट ७७ पौंड करायचे ठरवले, तेव्हा सुमारे दहा हजार प्रेक्षक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. संघ २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. मालकांनी काही दिवसांतच माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्यापुढच्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. प्रेक्षक संघटित असला तर दर खाली येतो, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही.

२०२६ च्या विश्वचषकाच्या तिकिटांनी तर कळसच गाठला. यजमानपद मागताना अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या प्रस्तावात सर्वांत स्वस्त तिकीट २१ डॉलरचे होते. प्रत्यक्ष विक्री सुरू झाली ती ६० डॉलरपासून, आणि अंतिम सामन्याचे महाग तिकीट ६,७३० डॉलरचे. त्यातही मागणीप्रमाणे दर चढ-उतार करण्याची पद्धत विश्वचषकात प्रथमच आली. या पद्धतीचा एक नमुना २०२५ च्या क्लब विश्वचषकात दिसला होता. चेल्सी विरुद्ध फ्लुमिनेन्स या उपांत्य सामन्याचे ४७३ डॉलरचे तिकीट जागा रिकाम्या दिसू लागताच १३ डॉलरवर आले. आधी पैसे साठवून घेणारा इमानी चाहता यात नागवला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये देशोदेशींच्या चाहत्यांसाठी राखलेल्या कोट्याचे दर कळले. अंतिम सामन्याचे त्यातले सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचे, म्हणजे पावणेचार लाख रुपयांच्या घरात. २०२२ मध्ये कतारला अंतिम सामन्याचे सर्वसामान्य विक्रीतले सर्वांत महाग तिकीट १,६०७ डॉलरचे होते. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेने याला विश्वासघात म्हटले. ओरड झाल्यावर फिफाने प्रत्येक सामन्यासाठी ६० डॉलरची काही तिकिटे काढली, पण ती देशाच्या कोट्याच्या एक दशांशच.

नाशिकच्या चाहत्याचे विश्वचषकाशी नाते जडले ते पडद्यावरून. १९८६ मध्ये मेक्सिकोतला मॅराडोना दूरदर्शनने घराघरांत आणला. एका टीव्हीसमोर आळीतली दहा घरे जमत, तेव्हा तिकिटाचा प्रश्नच नव्हता. १८ डिसेंबर २०२२ चा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना तर मोबाइलवर फुकट दिसला, आणि जिओ सिनेमाच्या आकड्यांप्रमाणे ३ कोटी २० लाख लोकांनी तो तिथे पाहिला. पडद्याचे हे उपकार मोठे आहेत. तरी पडद्यापुढे बसलेल्याची आरोळी खेळाडूच्या कानी पडत नाही, आणि वडिलांचे बोट धरून गॅलरीची पायरी चढलेले मूल जे घेऊन परतते ते पडदा देऊ शकत नाही.

फुकट बसून मोठा खेळ बघायची सवय नाशिकला आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजूनही गोल्फ क्लब. पहाटे इथे फेऱ्या मारणाऱ्यांची वर्दळ, संध्याकाळी मुलांची. जानेवारी २०२५ मध्ये याच मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. एका बाजूला ऋतुराज गायकवाड, दुसऱ्या बाजूला कृणाल पंड्या. महाराष्ट्राने ४३९ धावांनी तो जिंकला. रणजीला सहसा तिकीट नसतेच. टीव्हीवर दिसणारे खेळाडू कठड्यापासून हाकेच्या अंतरावर पाहता येतात ते अशाच सामन्यांत. फुटबॉलसाठी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांच्या पायांत एकाच दिवशी चेंडू देण्याचा उपक्रम केला. तो चांगला होता, पण त्या मुलांनी मोठ्यांचा खेळ कुठे बघायचा, याची सोय त्यात नव्हती.

ही सोय अवघड नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी रेल्वेने मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या. क्रिकेटला जे जमते ते फुटबॉललाही जमायला हरकत नाही. डी. वाय. पाटीलवर डिसेंबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगची पहिली अंतिम लढत झाली, ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, नोव्हेंबर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी अल हिलाल हा संघ येऊन गेला. मोठा सामना तिथे पुन्हा येईल. तेव्हा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने आणि राज्याच्या क्रीडा खात्याने तीन गोष्टी कराव्यात. जिल्ह्यांतल्या क्लबांसाठी गॅलरीचा एक भाग दिवसभराच्या मजुरीहून कमी दरात राखून ठेवावा. सामना संध्याकाळी पाचला ठेवावा. आणि सामना रात्रीचाच ठेवावा लागला तर दहानंतर ठाण्याहून नाशिकरोडला एक गाडी मागून घ्यावी. नाशिकच्या क्लबांनीही ही मागणी आजच लेखी करून ठेवावी, सामन्याची तारीख लागल्यावर नव्हे.