क्वानॉनचं कॅनन कसं झालं?

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून. काकांनी तिथे एक फॉरवर्ड टाकला होता. मजकूर थोडक्यात असा, की 'कॅनन' हे कॅमेऱ्याचं नाव मुळात आपल्या देवाचं आहे, संस्कृतातून जपानला गेलेलं आहे, आणि हे आपल्याला कुणी शिकवत नाही. खाली चार तिरंगे आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

माझा पहिला विचार, नेहमीसारखाच, 'झालं सुरू' असा होता. खोडून काढायला म्हणून वाचायला बसलो आणि अडकलो. फॉरवर्डमधली अर्धी गोष्ट खरी निघाली, आणि ती फॉरवर्डपेक्षा बरीच चांगली आहे. म्हणून हा भाग.

चला, १९३३च्या टोकियोत जाऊ. रोप्पोंगी भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. नाव 'सेइकी कोगाकु केनक्युजो', म्हणजे अचूक प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा. चालवणारे दोघे, गोरो योशिदा आणि त्याचा मेहुणा साबुरो उचिदा. पैशांची मदत उचिदाचा मित्र ताकेशी मिताराई याची. हा मिताराई व्यवसायाने प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर.

योशिदाने शाळा अर्धवट सोडलेली. सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हात बसलेला. त्या काळात जगातला सगळ्यात नावाजलेला छोटा कॅमेरा म्हणजे जर्मनीचा लायका. जपानमध्ये त्याची किंमत ४२० येन होती, आणि चांगल्या कंपनीत लागलेल्या नव्या पदवीधराचा पगार महिन्याला साधारण ७० येन. म्हणजे सहा महिन्यांचा पूर्ण पगार, खाणंपिणं सोडून!

योशिदाने एक लायका मिळवला आणि सरळ उघडला. एकेक भाग सुटा केला. त्याने पुढे सांगितलं, की आत हिरेबिरे काही नव्हते. पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड, रबर. एवढ्या साध्या मालाचे इतके पैसे घेतात याचा त्याला राग आला. हा प्रसंग वाचताना मला जाम मजा आली, कारण दुसऱ्याची वस्तू उघडून 'हे तर मीही करू शकतो' म्हणणं हा इंजिनीअर लोकांचा जुना रोग आहे. आणि शेवटचे दहा टक्के जमवताना खरी किंमत कशाची होती ते कळतं, हेही जुनंच.

आता मूळ मुद्दा. योशिदा कान्नोनचा भक्त होता. जपानी बौद्ध परंपरेत कान्नोन म्हणजे करुणेची मूर्ती. तेव्हा रोमन लिपीत तिचं नाव 'क्वान्नोन' असंही लिहीत. योशिदाने आपल्या कॅमेऱ्याचं नाव ठेवलं 'क्वानॉन'. बोधचिन्हात हजार हातांची कान्नोन बसलेली, आणि नावाच्या अक्षरांना ज्वाळा. भिंगाचं नाव 'कस्यपा', बुद्धाचा शिष्य महाकाश्यप याच्यावरून.

ही कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला, हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलाय, तोच. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याची अकरा डोक्यांची मूर्ती आहे. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना माणसावर येणारी संकटं कोरली आहेत. आग, साप, सिंह, हत्ती, बुडणारं जहाज. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेला माणूस त्याला हाक मारतोय.

'हाक' हा शब्द लक्षात ठेवा. अवलोकित अधिक ईश्वर मिळून अवलोकितेश्वर, म्हणजे जगाकडे पाहणारा ईश्वर. पण मध्य आशियात सापडलेल्या जुन्या संस्कृत हस्तलिखितांच्या तुकड्यांत हेच नाव 'अवलोकितस्वर' असं येतं. ईश्वर नाही, स्वर. आवाज पाहणारा. चीनमध्ये कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं भाषांतर केलं, तिथे नाव आलं 'ग्वान-शी-यिन', म्हणजे जगाचे आवाज पाहणारा. ते आखडून 'ग्वानयिन' झालं. तीच अक्षरं जपानमध्ये 'कान्नोन' अशी वाचली गेली. आपल्याकडचा पुरुषरूपातला बोधिसत्त्व चीनमध्ये हळूहळू स्त्रीरूपात दिसू लागला, तो आणखी वेगळा विषय.

सातव्या शतकात ह्युएन त्सांग भारतात आला. हो, तोच प्रवासी, ज्याने महाराष्ट्राबद्दल आणि पुलकेशीबद्दल लिहिलंय. त्याने परत गेल्यावर सांगितलं की 'ग्वानयिन' हे भाषांतर चुकलंय, मूळ शब्दात ईश्वर आहे, म्हणून 'ग्वान-झिझाई' म्हणा. पंडिताचं म्हणणं त्याच्यासमोरच्या संस्कृत पाठाला धरून होतं. त्याच्या भाषांतरित सूत्रांत ते नाव राहिलंही. पण संकटात हाक मारणारी माणसं 'ग्वानयिन' असंच म्हणत राहिली. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव दुरुस्त करता येत नाही, हे त्याला चौदाशे वर्षांपूर्वीच कळलं असेल.

परत टोकियो. जून १९३४ मध्ये 'असाही कॅमेरा' मासिकात क्वानॉनची जाहिरात आली. मांचुरिया घेतल्यानंतरचा तो जपान, त्यामुळे जाहिरातीचा सूरही तसाच. पाणबुडी आपली, विमान आपलं, तसा कॅमेराही आपला, आणि सगळे जगात सर्वोत्तम. फक्त एक अडचण होती. हा कॅमेरा विकत मिळत नव्हता. आमच्या धंद्यात याला व्हेपरवेअर म्हणतात. क्वानॉन या नावाने कॅमेरा दुकानात कधीच आला नाही. त्याच वर्षी योशिदा प्रयोगशाळेतून बाहेर पडला.

मागे राहिलेल्यांना कॅमेरा पुरा करायचा होता आणि तो जगभर विकायचा होता. त्यासाठी नाव बदलायचं ठरलं. जून १९३५ मध्ये नव्या नावाच्या नोंदणीचा अर्ज गेला, सप्टेंबरमध्ये नोंदणी झाली. कॅनन.

हा शब्द वेगळ्याच घरातला आहे. मूळ ग्रीक 'कानोन', म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी. त्यावरून नियम, प्रमाण, आणि पुढे धर्माचे प्रमाण मानलेले ग्रंथ. आपण त्रिपिटकाला 'पाली कॅनन' म्हणतो, तो हाच शब्द. इंग्रजीतल्या तोफेशी गल्लत नको, तिच्या स्पेलिंगमध्ये एक एन जास्त. तर 'क्वानॉन' आणि 'कॅनन' यांचं रक्ताचं नातं काही नाही. एक संस्कृत-चिनी-जपानी वाटेने आलेलं, दुसरं ग्रीक-लॅटिन वाटेने. फक्त कानाला सारखे वाटले म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवला गेला.

पहिला विक्रीचा कॅमेरा 'हान्सा कॅनन' १९३६च्या सुमारास बाजारात आला. त्यात 'हान्सा' हे विक्री करणाऱ्या ओमिया कंपनीचं नाव. आणि भिंग? ते 'निक्कोर', निप्पॉन कोगाकुने बनवलेलं, म्हणजे पुढे ज्यांचा निकॉन झाला ते. आज ज्यांचे चाहते एकमेकांशी हिरिरीने भांडतात, त्यातल्या एकाच्या पहिल्या कॅमेऱ्याला डोळा दुसऱ्याने दिला होता. म्हणजे पितळ आणि रबर जमलं, काचेसाठी मात्र जाणत्याच्या दारात जावं लागलं.

प्रसूतितज्ज्ञ मिताराई १९४२ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. कॅमेऱ्याचं नाव एक आणि कंपनीचं दुसरं, हा घोळ १९४७ मध्ये मिटला. कंपनी 'कॅनन कॅमेरा' झाली, आणि १९६९ मध्ये नुसती 'कॅनन'.

एक बारीक गंमत. जपानी लिपीत 'क्या' लिहिताना 'या'चं अक्षर छोटं काढतात, आपल्या जोडाक्षरासारखं. कंपनी स्वतःच्या नावात ते मुद्दाम मोठं काढते. कारण छोट्या अक्षराच्या वर रिकामी जागा दिसते, नावात भोक पडल्यासारखी. उच्चारात मात्र फरक नाही.

मग फॉरवर्डचं काय? मी काकांना लिहिलं, 'काका, अर्धं खरं आहे. देवाचं नाव क्वानॉनचं होतं, ते दुकानापर्यंत पोचलंच नाही. कॅनन ग्रीक आहे.' मग वाटलं हे फार कोरडं झालं, म्हणून आणखी लिहिलं. अवलोकितेश्वर आपल्या डोंगरांत कोरला गेला हे खरं, पण त्याला कान्नोन आपण नाही केलं. ते भाषांतरकारांनी, भिक्षूंनी आणि त्याला हाक मारणाऱ्या तिकडच्या साध्या माणसांनी केलं. आणि कॅमेऱ्याला ते नाव एका शाळा सोडलेल्या, रागावलेल्या जपानी कारागिराने दिलं. अभिमान वाटायचाच असेल तर त्यात या सगळ्यांचा वाटा धरायला हवा. 'आपलंच' म्हटलं की ही सगळी माणसं गोष्टीतून गळतात, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच झालं होतं. योशिदाचं नावसुद्धा नव्हतं त्यात.

बराच वेळ दोन निळ्या टिका, उत्तर काही नाही. मला वाटलं काका रागावले. रात्री फोन आला. "अरे, ते कान्हेरीचं लेणं कितवं म्हणालास?"

"एक्केचाळीस."

"रविवारी मोकळा आहेस का?"

तर मंडळी, रविवारी आम्ही बोरिवलीला चाललोय. तिथून काय दिसलं ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या घरात एखादा जुना जपानी कॅमेरा असेल, तर त्यावरचं नाव वाचा, आणि ते कुठून आलं असेल ते मला कळवा. भेटू.