कार्टूनचा गल्ला: आगकाड्यांपासून नरसिंहापर्यंत

१ जून २०२३ ला 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात लागला. अमेरिकेच्या एक दिवस आधी आणि दहा भाषांत. त्या दहांत मराठी होती. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या पोरांना अजून तीन-चार आठवडे सुट्टी होती. या सिनेमात पवित्र प्रभाकर नावाचा एक भारतीय स्पायडर-मॅन आहे आणि त्याचं शहर मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून बनवलेलं आहे. जगभरात या सिनेमानं सुमारे ६९ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

मी कारंजा लाडचा. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. एकच अ‍ॅप वेगवेगळ्या भाषांत नीट चालतंय का, हे बघणं माझ्या कामाचा भाग आहे. एखादी भाषा यादीत का येते आणि एखादी का राहते, याचं उत्तर बहुतेक वेळा भावनेत नसतं, एक्सेल शीटमध्ये असतं. म्हणून मराठी त्या यादीत दिसली तेव्हा मला आनंदाआधी कुतूहल वाटलं. हॉलिवूडचं कार्टून मराठी शिकून आपल्याकडे आलं. मग आपली कार्टून बाहेर कधी गेली? गेली तेव्हा त्यांचं काय झालं?

आकडा म्हणजे काय

आधी गल्ल्याचं गणित समजून घेऊ. 'अमुक सिनेमानं इतके कोटी कमावले' असं आपण म्हणतो, तेव्हा ते कोटी निर्मात्याच्या हातात आलेले नसतात. तिकीटखिडकीवर जमलेल्या पैशांतून आधी कर जातो. उरलेल्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाला ठेवतो. राहिलेल्या पैशांतून वितरक आपलं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च कापतो. परदेशात हा वाटा आणखी बारीक होतो. चीनमध्ये वाटणीच्या करारावर लागणाऱ्या परदेशी सिनेमाला गल्ल्याचे सुमारे २५ टक्केच मिळतात. म्हणजे तिथे १० कोटी डॉलर जमले, तर स्टुडिओच्या हातात अडीच कोटी पडतात.

तरीही मोठे स्टुडिओ कौटुंबिक अ‍ॅनिमेशनच्या मागे लागतात, त्याला कारणं आहेत. लहान मूल एकटं थिएटरात जात नाही, त्याच्यासोबत दोन-तीन मोठी तिकिटं जातात. दुसरं म्हणजे डबिंग. खरा नट दुसऱ्याच्या आवाजात बोलला की आपल्याला खटकतं, पण चित्रातल्या हरणाची मातृभाषा कोणती हे कुणी विचारत नाही.

२०१३ च्या 'फ्रोझन'नं जगभरात सुमारे १२८ कोटी डॉलर जमवले आणि त्यातले अमेरिका-कॅनडातले फक्त ४० कोटी होते. बाकी सगळे बाहेरचे. हा सिनेमा चाळीसहून अधिक भाषांत बोलला. जपानमध्ये त्याचं नावसुद्धा बदललं, तिथे तो 'आना आणि हिमराणी' या अर्थाच्या नावानं लागला. दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे. तिथे या एका सिनेमाची एक कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. पाच कोटींचा हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

फाळके लंडनला गेले होते

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसापासून होते. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे होते. सावकाराला पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून अनेक दिवस चित्रित केली. पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत मोठं झालं आणि भांडवल मिळालं. एकेक चौकट थांबून घ्यायची आणि सलग दाखवायची, हेच अ‍ॅनिमेशनचं मूळ तत्त्व. पुढे त्यांनी याच पद्धतीनं काडेपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. ती फिल्म आज उपलब्ध नाही.

फाळके १९१४ मध्ये आपले तीन चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथे त्यांचं कौतुक झालं, तिथेच राहून सिनेमे करण्याबद्दल विचारणाही झाली. ते परत आले. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कच्ची फिल्म मिळवणंसुद्धा अवघड झालं. परदेशातली बाजारपेठ आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवर किती अवलंबून असते, हे आपल्या पहिल्याच निर्मात्याला कळलं.

त्यानंतर १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभातनं 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला. जंबूक म्हणजे कोल्हा, आणि तो हलवणारे होते रघुनाथ केळकर. पण प्रभातचा खरा धंदा मोठ्या बोलपटांचा होता. हातानं हजारो चित्रं काढायची आणि पडद्यावर काही मिनिटं मिळवायची, हे कुठल्याही खासगी कंपनीला झेपणारं नव्हतं.

१९५६ मध्ये ते काम सरकारनं अंगावर घेतलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची कार्टून फिल्म युनिट सुरू झाली आणि डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. १९५७ मध्ये या युनिटनं 'द बनियन डिअर' केली, म्हणजे जातकातली हरणाची गोष्ट. इथे वाशिमकराला थोडं थांबावंच लागतं. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची १६ आणि १७ क्रमांकाची लेणी घडली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातककथा एकामागून एक प्रसंगांत रंगवल्या आहेत. त्या कथा आशियाभर पोचल्या आणि प्रत्येक देशानं त्या आपापल्या भाषेत सांगितल्या.

सरकारी कार्टूनचा मात्र गल्ला नसायचा. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' ही १९७४ ची छोटी फिल्म दूरदर्शनवर किती पिढ्यांनी पाहिली असेल! तिकीटखिडकीच्या हिशेबात तिचा आकडा शून्य आहे.

रामायण, पण जपानमधून

या इतिहासातलं सगळ्यात विचित्र प्रकरण आमच्या पिढीनं कार्टून नेटवर्कवर पाहिलेलं आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ च्या सुमारास भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला. बातमी चुकीची छापून आली, परदेशी माणूस रामायणावर सिनेमा काढतोय असा समज झाला आणि निषेधाचं पत्र गेलं. साकोंनी खुलासा केला, पण तोवर ते रामायणात गुंतले होते. जपानीत मिळतील तेवढी रामायणं वाचून त्यांनी ठरवलं की राम नटापेक्षा चित्रात जास्त नीट दाखवता येईल.

त्यांच्यासोबत उभे राहिले राम मोहन. १९५६ च्या कार्टून युनिटमध्ये वीक्सच्या हाताखाली शिकलेला माणूस. भारत सरकारनं या निर्मितीत भाग घ्यावा असा प्रयत्न झाला. तो काळ अयोध्या आंदोलनाचा, सरकारनं हात आखडता घेतला. शेवटी सिनेमा मुख्यतः जपानमध्ये घडला. सुमारे एक लाख चित्रं हातानं काढली गेली. सिनेमा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्याच डिसेंबरात बाबरी मशीद पडली. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, पण देशभर थिएटरात लागला नाही. जपानच्या थिएटरांत तो १९९७ मध्ये पोचला. अमेरिकेत त्याचं नाव 'द प्रिन्स ऑफ लाइट' झालं.

ज्या देशाची ही गोष्ट, तिथल्याच थिएटरांत तो लागू शकला नाही. मग तो परदेशात कशाच्या जोरावर विकायचा? 'गेल्या शुक्रवारी आमच्याकडे इतकी गर्दी झाली' हे वितरकाचं सगळ्यात मोठं भांडवल असतं, ते या सिनेमाकडे कधी नव्हतंच. टीव्हीवर मात्र तो पुन्हा पुन्हा लागला आणि आमच्यापैकी अनेकांचा पहिला रावण तोच ठरला. २४ जानेवारी २०२५ ला तो भारतातल्या थिएटरांत रीतसर लागला, पूर्ण झाल्यानंतर बत्तीस-तेहतीस वर्षांनी. भाषा होत्या हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. तेव्हा साको आणि राम मोहन दोघंही हयात नव्हते.

पुण्यातून ऑस्करच्या यादीपर्यंत

२१ ऑक्टोबर २००५ ला व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' आला आणि भारतात बनलेला पूर्ण लांबीचा कार्टूनपट थिएटरात चालू शकतो हे दिसलं. त्याच्यामागे कृष्ण, बालगणेश, घटोत्कच अशी रांग लागली. २००८ मध्ये यशराज आणि डिस्ने यांनी मिळून 'रोडसाइड रोमिओ' काढला, तो चालला नाही.

मला यातला सगळ्यात जवळचा सिनेमा 'दिल्ली सफारी' वाटतो, कारण तो पुण्यात बनला, क्रेयॉन पिक्चर्समध्ये. दिग्दर्शक निखिल अडवाणी. बोरिवलीच्या जंगलातला बिबट्याचा बछडा, एक माकड, एक अस्वल आणि एक पोपट आपलं जंगल वाचवायला थेट दिल्लीच्या संसदेवर जातात. इंग्रजी आवृत्तीला जेसन अलेक्झांडर, ख्रिस्तोफर लॉईड, व्हॅनेसा विल्यम्स असे हॉलिवूडचे आवाज होते. डिसेंबर २०१२ मध्ये तो अमेरिकेत मोजक्या ठिकाणी लागला आणि त्या वर्षी ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन विभागासाठी विचारात घेतलेल्या २१ सिनेमांत होता. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण भारतात तो १९ ऑक्टोबर २०१२ ला लागला, त्याच शुक्रवारी 'स्टुडंट ऑफ द इयर' आला. पडदे कुणाला मिळाले असतील ते सांगायला नको. घरच्या तिकीटखिडकीवर तो टिकला नाही आणि परदेशातले मोठे आवाज ती कसर भरून काढू शकले नाहीत.

आपल्याकडे कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. परदेशी मालिका आणि सिनेमांचं कितीतरी काम भारतातल्या स्टुडिओंत होतं. आयटीतल्या माणसाला हा व्यवहार लगेच समजतो. तासाचं बिल मिळतं, काम संपलं की पुढचं प्रोजेक्ट येतं. तो सिनेमा पुढे जगभर कितीही चालला तरी त्या गल्ल्यात आपला वाटा नसतो. 'दिल्ली सफारी'चं अपयश मला टोचतं ते यासाठी. गोष्टीची मालकी इथेच ठेवून बाहेर जाण्याचा तो प्रयत्न होता.

आधी घर

२०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत चीनमध्ये 'नेझा २' लागला. त्यानं २०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, जगातल्या कुठल्याही अ‍ॅनिमेशनपटाला तोवर हे जमलं नव्हतं. त्यातला परदेशाचा वाटा अगदी थोडा होता. जागतिक विक्रम एका देशानं स्वतःच्या पुराणकथेवर आणि स्वतःच्याच प्रेक्षकांच्या जोरावर केला. इंग्रजी आवृत्ती नंतर ऑगस्टमध्ये आली.

आणि २५ जुलैला अश्विन कुमार यांचा 'महावतार नरसिंह' आला. मोठा स्टार नाही, सुरुवातीला फार गवगवा नाही. लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि आठवड्यागणिक गर्दी वाढली. गल्ला ३०० कोटी रुपयांच्या वर गेला, त्यातला बहुतेक भारतातला. पुढे ऑस्करच्या पात्र अ‍ॅनिमेशनपटांच्या यादीतही तो आला. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे आमच्याकडे हे नाव रोजच्या बोलण्यातलं. माझ्या भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, हा आपल्या कारंज्याचा नरसिंह व्हय का?" मी म्हटलं, नाही रे, हा प्रल्हादाचा. त्याचा पुढचा प्रश्न होता, "मराठीत हाय का?" सिनेमा पाच भाषांत लागला होता, त्यांत मराठी नव्हती. त्यानं तो अकोल्याला जाऊन हिंदीत पाहिला.

त्याचं तिकीट हिंदीच्या खात्यात जमा झालं. मला यातली अडचण इथे दिसते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत. दक्षिण कोरियाच्या दीडपटीहून जास्त, जवळपास जर्मनीएवढे. पण मराठी माणूस हिंदीत सिनेमा बघतो, म्हणून मराठीतलं डबिंग वगळलं जातं. डबिंग नसतं, म्हणून तो हिंदीत बघतो. शीटमध्ये मराठीचा रकाना रिकामा राहतो आणि पुढच्या वेळी तोच रिकामा रकाना पुरावा म्हणून दाखवला जातो. कोरियात विकलेल्या प्रत्येक तिकिटाची अधिकृत नोंद होते. आपल्याकडे तशी एक सरकारी नोंदवही नाही, निर्माते आणि व्यापारी नियतकालिकं सांगतील ते आकडे. जिथे मोजणीच धूसर आहे, तिथे वाशिमचं पोर कुठल्या भाषेचं हे कोण लिहून ठेवणार?

जपानच्या 'स्पिरिटेड अवे'ची गोष्ट इथे उपयोगी आहे. २००१ मध्ये तो जपानमध्ये जपानी पोरांसाठी लागला आणि तिथले सगळे विक्रम मोडले. अमेरिकेत पहिल्या फेरीत त्याला जेमतेम १ कोटी डॉलर मिळाले, ऑस्कर मिळूनही. चीनच्या थिएटरांत तो थेट २०१९ मध्ये लागला आणि तिथे त्याच्या कितीतरी पट कमावून गेला. अठरा वर्षं तो वाट बघू शकला, कारण घरच्या प्रेक्षकांनी त्याचा खर्च पहिल्याच वर्षी फेडला होता. 'रामायण' आणि 'दिल्ली सफारी' यांच्या पाठीशी हेच नव्हतं.

मराठीत मोठा कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपट काढायला कुणी निघालं, तर त्याला पहिला प्रश्न लंडन-न्यूयॉर्कचा विचारला जाणार नाही. मराठीत लागलेल्या कार्टूनला अकोल्यात, नांदेडात, सोलापुरात किती तिकिटं गेली, हेच विचारलं जाईल. २०२३ चा मराठी स्पायडर-मॅन हा त्या रकान्यातल्या पहिल्या काही नोंदींपैकी एक. पुढच्या वेळी बुकिंगच्या अ‍ॅपवर भाषेच्या यादीत मराठी दिसली, तर घरातल्या पोरांना त्याच शोला न्या. तेवढी तिकिटं तरी आपल्या भाषेच्या नावावर पडतील.