तक्रार आली नाही म्हणून...

रँडच्या वधाचा धडा मी तीस वर्षे शिकवला. चाफेकर बंधू, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जून १८९७ ची रात्र. मुले जीव कानात आणून ऐकत. पण त्याआधीचे तीन-चार महिने पुण्यात काय चालले होते, ते आम्ही दोन ओळींत आटपत असू. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा नेमके तेच महिने वाचत बसले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढे पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. मार्चपासून गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. आजारी माणूस इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामानसुमान जाळायला.

रोग खराच भयंकर होता. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला त्यातच गेल्या. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे, हे टिळकांनाही मान्य होते. हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढायला त्यांनीच पुढाकार घेतला. लोकांचा राग होता तो पद्धतीवर. देवघरात बूट, बायाबापड्यांची परक्या पुरुषांकडून तपासणी. परिणाम काय, तर लोक आजारी माणसेच लपवू लागले.

रँडच्या अहवालात एक समाधान नोंदवले आहे. स्त्रियांची जाणूनबुजून बेअब्रू केल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, असे. तिथे मी थांबले. विश्वासार्ह हे ठरवणार कोण? ज्याच्या हुकमाने दार उघडले गेले, तोच!

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आठवली. देवीची लस टोचायला पथक आले, कुणालाच आधी कळवले नव्हते. निम्मी पोरे खिडकीतून पळाली. पुढच्या वेळी आम्ही आदल्या दिवशी आयांना शाळेत बोलावले. त्यांनी शंका विचारल्या, डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्या दिवशी एकही मूल पळाले नाही. लस तीच, सुई तीच.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सारा देश बंद. मजूर पोरेबाळे घेऊन चालत गावाकडे निघाले. टाळेबंदी हवी होती की नको, हा वाद तज्ज्ञांचा. पण हातावर पोट असलेल्याने उद्या काय खायचे, हे त्याच घोषणेत सांगता आले नसते का? तेव्हाचे राज्य परक्यांचे होते. आता ती सबब नाही.

हुकूम ऐकू येतो, म्हणजे संवाद होतोच असे नाही. वर्ग शांत असला म्हणजे मुलांना धडा समजला असे मीही पुष्कळ वर्षे समजत होते. असो.